दुसरी पाइपलाइन सक्तीची? आधी पहिली गळायची थांबवा

गळका नळ (धागाकर्ता)

'निळी टाकी' यांनी काल लिहिलंय की संडासात पिण्याचं पाणी सोडणारा प्रत्येक जण गुन्हेगार, घरोघरी न पिण्याच्या पाण्याची वेगळी लाइन सक्तीची झाली पाहिजे, आणि "खर्च एकदाच, फायदा जन्मभर". तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गाळलेलं, क्लोरीन दिलेलं, पंपाने वर चढवलेलं पाणी फ्लशमध्ये घालवायचं हे मलाही खटकतं. पण "जन्मभर" लिहिणाऱ्याने दुसऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह काही वर्षांनी खोलून बघितलेला दिसत नाही. लाइन टाकणं सोपं. ती कुठून कुठे गेली, मधला जोड कोणी आणि कशाला दिला, हे घर दोनदा विकलं गेल्यावर कोणाला ठाऊक असतं?

नेदरलँड्समध्ये उट्रेक्टच्या एका नव्या वसाहतीत नेमकं हेच केलं होतं. नदीचं अर्धवट शुद्ध केलेलं पाणी वेगळ्या पाइपने घरात, फ्लश आणि कपड्यांसाठी. २००१ मध्ये देखभालीच्या कामात दोन लाइनींमध्ये एक जोड दिला गेला आणि काढायचा राहिला. ते पाणी पिण्याच्या नळाला आलं, लोकांची पोटं बिघडली. २००३ मध्ये तिथल्या सरकारने अशा मोठ्या योजनांवर फुलीच मारली. पाण्याच्या कामात ज्यांचा हात धरणारं कोणी नाही त्या डच लोकांची ही गत, आणि आपण भिंतीत पाइप गाडून वर टाइल लावून मोकळे होणार!

आता हिशेब. फ्लशची जुनी टाकी एका वेळी १२ लिटरच्या आसपास सोडते. माणशी दिवसाला ५ वेळा धरा, ६० लिटर. दोन बटणांच्या नव्या टाकीत ४ वेळा ३ आणि एकदा ६, म्हणजे १८. भिंत न फोडता ४२ लिटर वाचले. त्यात टाकीच्या तळाचं रबर गेलं असेल तर दिवसाला शेकडो लिटर गुपचूप वाहून जाऊ शकतात. टाकीत रंगाचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की रबर बदला. हे मात्र कोणी सक्तीचं करा म्हणत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

निळी टाकी

"गुन्हेगार" शब्द भलताच झोंबलेला दिसतोय. असो.

उट्रेक्ट सगळ्यांना आठवतं, हाँगकाँग सोयीस्कर विसरलं जातं. तिथे १९५०च्या दशकाच्या शेवटापासून फ्लशला समुद्राचं पाणी आहे. आज ८० टक्क्यांहून जास्त लोकांकडे. जिब्राल्टरमध्येही फ्लशला खारंच पाणी. ही माणसं काय रोज आजारी पडतात?

गॅसचे अपघात झाले म्हणून कोणी घरातून गॅस काढून टाकला नाही, नियम केले. इथेही आहेत. पाइपचा रंग वेगळा (जांभळ्याची पद्धत कॅलिफोर्नियातून आली). जोडांची मापं वेगळी, म्हणजे चुकून एकात एक बसायलाच नकोत. आणि न पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पिण्याचं पाणी कधी सोडावं लागलंच तर ते वरून पडलं पाहिजे, नळाचं तोंड पाण्यात बुडता कामा नये. एवढं पाळलं तर उलटं पाणी चढणार कसं?

तुमच्या ४२ लिटरना सलाम. उरलेले १८ पिण्याचेच आहेत, त्यांचं काय?

प्लंबरपीडित

आमच्या इमारतीत दोन लाइनी आहेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बोअरचा पंप बंद पडला की फ्लशला पाणी नाही, मग आरडाओरडा. म्हणून कोणा शहाण्याने गच्चीवर दोन्ही पाइपांच्या मध्ये हातभर तुकडा टाकून बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला, "अडीनडीला उघडायला". नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) वगैरे काही नाही. पुढे तो नीट बंदच होईना. कळलं कसं, तर स्वयंपाकघरातल्या नळाखाली साबणाला फेस येईना आणि काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग पडायला लागले. बोअरचं पाणी जड होतं म्हणून लक्षात आलं. मऊ असतं तर आजही पीत बसलो असतो.

आणि रंगाचं म्हणाल तर एक पाइप निळा होता, एक काळा. तुकडा टाकणाऱ्याला डोळे होते.

गळका नळ

@निळी टाकी, हाँगकाँगचं खारं पाणी सरकारी खात्याचं आहे. पंप त्यांचे, मुख्य वाहिन्या त्यांच्या, रसायनं त्यांची. शिवाय ते खारट. नळाला आलं तर पहिल्या घोटालाच कळेल. तुम्ही जे सुचवताय त्याची चव लागणार नाही. आणि खारं पाणी पाइप खातं, सांडपाणी खारट झालं की ते शुद्ध करून झाडांनाही घालता येत नाही, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही.

खडूस

बोअरचं पाणी फ्लशला वापरून "पिण्याचं पाणी वाचवलं" म्हणणाऱ्यांचं मला फार कौतुक आहे. जमिनीखालचं पाणी म्हणजे कोणाच्या तरी विहिरीतलं पिण्याचंच पाणी. वाचवलं काहीच नाही, फक्त ज्याचं मीटर नाही तिथून उपसलं.

निळी टाकी

@खडूस, बोअर हा शब्द मी लिहिलेलाच नाही. पावसाचं पाणी, आंघोळीचं, कपड्यांचं दुसऱ्या धुण्याचं. वाचून लिहीत चला.

खडूस

वाचलं. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, तेही एक थेंब न सांडता. बंगल्याला झकास. दहा मजली इमारतीत तेच छप्पर चाळीस घरांत वाटा. आणि पाऊस वर्षभर बेताबेताने पडत नाही, साठवायला टाकी केवढी लागेल तेही सांगा.

आंघोळीच्या पाण्याचं तर नावच काढू नका. एक दिवस साठवलं की वास मारतं. साबण, त्वचेचा मळ, केस, सगळं टाकीत कुजतं.

उंबरठा

बराच वेळ गप्प वाचत होते.

दुसरी लाइन नको म्हणणाऱ्यांनी एक सांगा. ती नसली की "टाकाऊ पाणी वापरा" म्हणजे कोणी काय करायचं असतं? मशीनची नळी बादलीत धरायची, ती वेळेवर उचलायची, नाहीतर फरशीभर पाणी. आंघोळीनंतर टब उपसायचा. भरलेली बादली संडासापर्यंत न्यायची. आमच्या घरात हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि पाणी वाचवण्यावर भाषण करणाऱ्याने आजवर एक बादली उचललेली नाही. माझी कंबर गेली, त्याला शाबासकी मिळाली. पाइप टाका नाहीतर पाणी वाया जाऊ द्या, माझं काही म्हणणं नाही. फुकटची हमाली मोजणीत धरा, एवढंच.

गळका नळ

@उंबरठा, हा मुद्दा बिनतोड आहे. निळी टाकींच्या बाजूचा असला तरी.

काटकसरे

बादल्यांवरून आठवलं. आम्ही आरओचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं) बाहेर टाकलेलं पाणी बादलीत धरतो. फरशी पुसायला, संडासात ओतायला, झाडांना. लाइन नाही, फोडाफोड नाही. बादली मीच उचलतो, नोंद घ्यावी.

सरळसोट

@काटकसरे, घरात येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) किती?

काटकसरे

२२० च्या आसपास.

सरळसोट

मग आरओ कशाला?? जागतिक आरोग्य संघटना ६०० च्या खाली चवीला चांगलं म्हणते, हजाराच्या वर गेलं तर नकोसं होतं म्हणते. तुम्ही २२० चं चांगलं पाणी घेता, लिटरभर गाळायला दोन-तीन लिटर बाहेर टाकता आणि त्याने फरशी पुसून पाणी वाचवलं म्हणता. मशीनच काढून टाका, बादलीसकट प्रश्न मिटेल.

काटकसरे

आकडे मलाही वाचता येतात. आरओ बसवायच्या आधी आईचं पोट सतत बिघडायचं. बसवल्यावर थांबलं. तुमच्या संघटनेला सांगा आमच्याकडे येऊन राहायला.

सरळसोट

पोट जंतूंनी बिघडतं, क्षारांनी नाही. नुसता यूव्ही (जंतू मारणारा दिवा) किंवा साधं उकळणं पुरलं असतं.

मापट्या

टीडीएस मीटर हा या शतकातला सगळ्यात यशस्वी विनोद आहे. पाण्यातून वीज किती वाहते तेवढं ते मोजतं. जंतू दिसत नाहीत. आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, तेवढ्याने काटा हलणारही नाही. आणि विक्रेता तो मीटर पेल्यात बुडवून लोकांना घाबरवतो.

सरळसोट

@मापट्या, मीही तेच सांगतोय, ओरडताय कशाला?

मापट्या

तेच नाही. तुम्ही २२० बघून "आरओ काढा" म्हणालात, म्हणजे तुम्हीही त्या मीटरवरच विसंबलात. पाण्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिक असेल तर आरओ लागेल, टीडीएस काही का असेना. प्रयोगशाळेत तपासून घ्या, मग काढा किंवा ठेवा.

सरळसोट

बरं बाबा, तपासून काढा. खूश?

हिरवा कोपरा

@काटकसरे, झाडांना घालू नका. माझ्या कुंड्यांतली पानं कडेने करपली, मातीवर पांढरा थर आला.

मापट्या

सरसकट तसं नाही. ४ लिटर पाणी ४०० टीडीएसचं आत गेलं, १ लिटर ४० चं मिळालं, तर उरलेले ३ लिटर ५२० चे. त्याने झाड मरत नाही. तेच १५०० चं पाणी आत घातलं आणि १५० चं मिळवलं तर बाहेर १९५० चं पडतं, मग कुंडीचं कल्याण. आणि कुंडीतून जादा पाणी खाली निथळलं नाही तर क्षार साठतातच, पाणी कुठलंही असो.

हिरवा कोपरा

कुंडीला भोकं आहेत. मला शिकवू नका.

निळी टाकी

धागा माझ्या पोस्टवर होता असं अंधुक आठवतंय.

गळका नळ

आहे की. तुमचे १८ लिटर मी विसरलेलो नाही. नवीन इमारत बांधताना, भिंती उघड्या असतानाच दुसरी लाइन टाकायला माझी हरकत नाही. पण दोन अटी. एक, दोन्ही लाइनींमध्ये व्हॉल्व्हवाला जोड कधीच नाही, पंप बंद पडला तर फ्लशला बादली (आणि ती कोण उचलणार हे आधी ठरवून). दुसरी, वर्षातून एकदा तपासणी. पिण्याच्या टाकीची मुख्य चावी बंद करायची आणि पिण्याचे सगळे नळ उघडे ठेवायचे. पाइपात उरलेलं पाणी संपलं की धार थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर दोन लाइनींची कुठेतरी सोयरीक झालेली आहे. जुन्या घरात मात्र सक्तीबिक्ती काही नाही.

निळी टाकी

म्हणजे माझंच म्हणणं, फक्त "गुन्हेगार" वगळून. एवढं लिहायला अख्खा धागा लागला. चालेल.

प्लंबरपीडित

ही तपासणी आमच्याकडे सुचवून पाहिली. सगळे नळ एकाच वेळी उघडायला सगळी घरं उघडी हवीत. तळमजल्यावरचे म्हणतात आमच्याकडे पाणी नीट येतंय, आम्हाला यात ओढू नका.

काटकसरे

@मापट्या, प्रयोगशाळेत पाणी द्यायचं तर बाटली कसली लागते? आईला सांगून बघतो. ऐकेल असं वाटत नाही.

मापट्या

जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, ती त्यांच्याकडूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. नमुना देताना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्षार, फ्लोराइड, आर्सेनिकसाठी वेगळी बाटली. आणि नमुना आरओच्या आधीचा घ्या, नंतरचा नको.

सरळसोट

दोन्ही घ्या. मशीन नुसती शोभेला आहे का तेही कळेल.