‘सी फेसिंग रूम’मधला सी कुठला?

माडाखालचा मास्तर:
रविवारी तारकर्लीहून मालवणला येताना एका पाटीपाशी गाडी थांबवली. इंग्रजीत ‘सी फेसिंग रूम’ रंगवलेलं, पण ‘सी’चं स्पेलिंग एस, ई, ई. म्हणजे समुद्र नव्हे, ‘बघा’! ‘अव्हेलेबल’मधला आय गळालेला, ‘डॉल्फिन’ला पीएचऐवजी एफ. जेवायला बसलो तिथल्या मेनूकार्डावर ‘डेझर्ट’ एकाच एसचं, म्हणजे सोलकढीनंतर थेट वाळवंट. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, खिशात लाल पेन चाचपायची सवय अजून सुटत नाही. पाटीला एवढे पैसे मोजता, तर रंग लावण्याआधी कागद कुणाला तरी दाखवा की! मी फुकटात तपासून देईन. पाहुण्यांसमोर आपलं हसं होतं.

खाडीपलीकडचो:
मास्तरांनू, पाटी वाचून खोली समुद्रासमोर आसा ह्यां तुमका समाजला मां? मगे झाला तर.

घावणेवाली:
आमच्या ‘ब्रेकफास्ट’मधला ए राहिलाय. एका पाहुण्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला, सगळे हसले. मग त्याच पाटीखाली बसून दोनदा घावणे मागवले. मी बिल लावलं, तेही त्याच स्पेलिंगने.

ब्रशवाला:
शिव्या शेवटी पेंटरलाच, म्हणून लिहितो. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं, आम्ही अक्षर न् अक्षर उतरवतो. एकदा शहाणपणा केला. ‘स्टेशनरी’त त्याने ए लिहिला होता, मी ई रंगवला. मालक भडकला, जुन्या बिलबुकात ए आहे म्हणाला. ए घातला की अर्थ ‘जागचं न हलणारं’ असा होतो, हे त्याला सांगितलं. (दुकानही तसंच चाललं होतं म्हणा.) पुन्हा रंगवून घेतलं आणि रंगाचे पैसे माझ्यातून कापले. तेव्हापासून मी फक्त हात चालवतो.

शब्दवेडी:
इंग्रजी स्पेलिंगला एवढं सोवळं कशाला? ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात बी कधी ऐकू येतो का? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बी नव्हताच. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी नंतर खुपसला. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजाने शिरला. आता मेनूकार्डावरचं पापलेट घ्या. ‘पॉम्फ्रेट’चं इंग्रजीतलं जुनं रूप ‘पॅम्फ्लेट’ असं होतं, मूळ पोर्तुगीज. तो जुना ल आपल्या पापलेटात अजून आहे, साहेबाने त्याचा र केला. मग कुणी बोर्डावर ‘पॅम्प्लेट’ लिहिलं तर चुकलं कोण?

माडाखालचा मास्तर:
इतिहास मान्य. पण अमेरिकन कोशकार वेबस्टरने ‘कलर’मधला यू काढला तो विचार करून, आणि १८२८ साली अख्खा शब्दकोश छापून. इथे आय गळतो तो घाईत. दोन्ही एका मापाने कशी मोजता?

हापूसवाली:
पाटीचं सोडा, कागदावर बोला. माझ्या आडनावातला व पासबुकावर डब्ल्यू आणि आधारवर व्ही. चार खेपा मारल्या, एक सुट्टी गेली, कर्ज महिनाभर लांबलं. मजा म्हणजे देवगड व्ही घालूनही लिहितात आणि ओ घालूनही, दोन्ही बिनबोभाट चालतात! गावाला जे माफ ते माणसाला नाही. आंब्याच्या पेटीवरही मी ‘अल्फान्सो’चं स्पेलिंग दोनदा बघते. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते ज्या नावाने मिळालं तेच नाव पेटीवर हवं. मास्तरांचं म्हणणं मला पटतं, पण एस-ई-ईसाठी नाही.

खाडीपलीकडचो:
मास्तरांनू, एक इचारू? तुमच्या पयल्या पोस्टीत ‘पाहूण्यांसमोर’ कित्याक लिवलास? हू दीर्घ?

शब्दवेडी:
अगदी! साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२चे, ४ जोडले १९७२ला. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा उकार ऱ्हस्व. पाहुणा, पाहुणे.

माडाखालचा मास्तर:
चुकलं. एडिट केलं.

ब्रशवाला:
पाटीला एडिट नाय हो मास्तर. थिनर लागतो.

माडाखालचा मास्तर:
थिनरचे पैसे मी देतो. एस-ई-ईवाली पाटी तुमच्याच हातची काय?

ब्रशवाला:
अक्षराचं वळण ओळखलंत!