डाळिंबात ट्रायकोकार्ड लावूनही फळांना छिद्रं?

भगवा_सांगोला:
मृग बहार, भगवा जातीचं डाळिंब, एक एकर. फळं लिंबाएवढी झाल्यावर दोन ट्रायकोकार्डं (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाने ग्रासलेली अंडी चिकटवलेले कागद) आणून बांधाकडच्या दोन झाडांना अख्खीच बांधली. त्याच आठवड्यात फुलकिड्यांसाठी स्पिनोसॅड हे कीटकनाशकही मारलं. आता रंग धरू लागलेल्या काही फळांना मोठं छिद्र आहे, त्यातून घाण वास आणि विष्ठा येते. काहींना नुसतं सुईने टोचल्यासारखं. दाबलं की रस येतो आणि फळ गळतं. कार्डं बोगस होती का?

शेतीशाळा:
कार्डांना नावं ठेवण्याआधी वेळ बघा. ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा कीटक. तो पतंग-फुलपाखरांच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो. अळी फळात शिरली की त्याचा काडीचाही उपयोग नाही. डाळिंबाचं फुलपाखरू (याचीच अळी फळ पोखरते) फुलांवर आणि कोवळ्या फळांवर एकेक सुटं अंडं घालतं, म्हणजे लिंबाएवढ्या फळांपर्यंत थांबलात तिथेच उशीर झाला. फुलं लागली की पहिली कार्डं, मग दर 10 दिवसांनी, एकूण 4 वेळा.

एकरी 1 लाख अंडी धरतात. एका कार्डावर साधारण 20 हजार, म्हणजे प्रत्येक वेळी 5 कार्डं. हा कीटक फार लांब जात नाही. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या 8 ते 10 पट्ट्या कापा आणि बागभर 9-10 मीटरवर एक अशा लावा. पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, स्टेपलरची पिन मारून. अंड्यांवर पिन मारू नका.

मित्रकीटक:
वरच्यात भर. स्पिनोसॅड जैविक म्हणून विकलं जातं, पण ट्रायकोग्रामाला ते चांगलंच घातक आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकंही तशीच. भुरीसाठीचं गंधकसुद्धा कार्डं लावण्याच्या आसपास टाळा. बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) चालते, पण तीही अळी फळात शिरण्याआधी फवारली तरच.

आणि टोचलेली फळं हा वेगळाच मामला आहे. ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. तो रात्री येतो आणि पिकत आलेल्या फळात सोंड खुपसतो. त्याच्या अळ्या डाळिंबावर नसतातच. त्या गुळवेल, वासनवेल यांवर वाढतात. बागेत कितीही कार्डं लावा, त्याची अंडी तिथे नाहीतच! बांधावरचे हे वेल काढा, रात्री बॅटरीने पतंग शोधून मारा, जमेल तिथे फळांना पिशव्या लावा.

भगवा_सांगोला:
आता हातात काय आहे? आणि कार्ड चांगलं की वाईट हे विकत घेतानाच कळतं का?

शेतीशाळा:
कळतं. भिंगातून बघा. ज्यात ट्रायकोग्रामा वाढतोय ते अंडं तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळं पडतं. पांढरट किंवा पिचकलेली अंडी जास्त दिसली तर कार्ड परत करा. काळ्या अंड्यांना बारीक भोक असेल तर कीटक निघून गेलेत, तुम्ही रिकामा कागद विकत घेताय. 26-28 अंशाला सातव्या-आठव्या दिवसापासून ते बाहेर पडतात. त्यामुळे कार्डाची तारीख विचारा आणि बाहेर पडायच्या आदल्या संध्याकाळी लावा. फ्रीजमध्ये ठेवायचंच तर थोडेच दिवस, खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. गाडीच्या डिकीत उन्हात तर मुळीच नाही.

मित्रकीटक:
मुंग्या विसरू नका. एका रात्रीत त्या पट्टी साफ करतात. खोडाला ग्रीसची पट्टी ओढा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या त्या वाटेने चढतात.

छिद्र पडलेली फळं झाडावरची आणि गळलेली दोन्ही गोळा करून खोल पुरा. आतल्या अळ्या वाढून फुलपाखरं झाली की तीच पुन्हा अंडी घालणार. नवी फुलं अजून येत असतील तर स्पिनोसॅडनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या आणि मगच नव्या पट्ट्या लावा. फुलं संपली असतील तर या बहाराला कार्डांवर खर्च करू नका.