85 च्या खालचा गेम आणि मांडवीत टाकलेले पैसे

साखळीकर

काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले, की मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, 85 पेक्षा कमी गुण असलेला व्हिडिओ गेम विकत घेणे म्हणजे पैसे मांडवी नदीत टाकणे, आणि ज्यांना आकडा सोडून समीक्षेचा मजकूर वाचत बसावे लागते त्यांना गेममधले काही कळत नाही. हे वाचल्यावर माझा सकाळचा चहा निवून गेला, म्हणून हे लांबण लावत आहे.

त्या 85 ची कथा तरी ठाऊक असावी. 2010 साली 'फॉलआउट: न्यू वेगस' आला, तेव्हा मेटाक्रिटिकवर 85 गुण पडले तरच तो घडवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता, आणि पडले 84. ही गोष्ट स्टुडिओतल्याच ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी 2012 साली उघड केली. ज्या सरासरीत कोणत्या नियतकालिकाच्या मताला किती वजन दिले आहे हे मेटाक्रिटिक सांगतच नाही, तिच्यातल्या एका गुणावर लोकांच्या घामाचे पैसे अडले. त्या गेमवर जीव टाकणारे आजही पैशाला पासरी सापडतील. आपल्या सदस्याच्या नियमाने मात्र तो मांडवीच्या तळाशी आहे.

आकड्याशी माझे वैर नाही. कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीला आणि किती तास खेळून तो दिला, हे शेजारी लिहिलेले नसेल तर तो माझ्या कामाचा नाही, एवढेच मी म्हणतो. आणि हे शहाणपण मला पैसे मोजून आले आहे. डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' येण्याआधी समीक्षकांना केवळ पीसीची, म्हणजे संगणकावरची, आवृत्ती मिळाली होती आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याची त्यांना मुभा नव्हती. नव्वदीच्या घरातली ती सरासरी पाहून मी माझ्या जुन्या पीएस 4 साठी (सोनीच्या प्लेस्टेशन 4 या गेमच्या यंत्रासाठी) डिस्क आणली. चौकात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर नाक-डोळे उमटेपर्यंत मी मोजून चार सेकंद थांबत असे, गाडी जोरात नेली की पुढचा रस्ता मागाहून येत असे, आणि तासा-दीड तासाने गेम आपसूक बंद पडून निळ्या पडद्यावर चूक झाल्याची सूचना येत असे. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि तेथे घेणाऱ्यांना पैसे परत देऊ केले. मी जेथून डिस्क घेतली होती, त्या दुकानदाराने मात्र "सील फोडले ना?" एवढेच विचारले.

मांडवीकाठचा

मांडवीचे वाक्य माझेच आहे आणि ते मी मागे घेत नाही.

साखळीकरबाब, आपल्याला समीक्षा वाचायला वेळ असेल. मला दोन मुले आहेत, पणजीला रोज जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये जातो आणि आठवड्यात खेळायला मिळतात तीन तास, तेही वीज असेल तर. पीएस 5 च्या नव्या मोठ्या गेमला 4,999 रुपये मोजायचे आणि वर कोणाच्या तरी बालपणीच्या आठवणींनी सुरू होणारा चार पानी निबंध वाचायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. आकडा म्हणजे चाळण आहे. चाळणीतून एखादा चांगला दाणा खाली पडतो, हे मला मान्य आहे. म्हणून कोणी तांदूळ न चाळता शिजवत नाही. एका डिस्कचे सुतक इतकी वर्षे पाळणाऱ्याने सगळ्या चाळण्या मोडायला निघू नये.

तांबडी शाई

मी पेडणे तालुक्यात शाळेत शिकवते आणि वर्षाला शेकडो उत्तरपत्रिका तपासते, त्यामुळे गुणांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

आमच्याकडे 70 गुण मिळवलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटतात. गेमच्या जगात 70 म्हणजे नापास. मेटाक्रिटिकचा स्वतःचाच पंक्तिप्रपंच पाहा: चित्रपटाला 'चांगला' म्हणणारा हिरवा रंग मिळायला 61 पुरतात, गेमला 75 लागतात. दहापैकी गुण द्यायचे आणि मोठ्या गेमसाठी वापरायचे फक्त 7 ते 10, तर खालच्या सहा पायऱ्या कशासाठी बांधल्या? जपानच्या 'फामित्सू' या गेमच्या नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. तेथे 40 पैकी 40 प्रथम मिळाले ते 1998 साली, 'झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'ला. तेव्हा पैकीच्या पैकी ही बातमी होती.

मांडवीकाठच्यांना आठवण करून देते, की 2014 साली 'पोकेमॉन'च्या एका जोडगेमला आयजीएन या गेमच्या संकेतस्थळाने 7.8 गुण दिले आणि उणिवांच्या यादीत 'पाणी फार' असे लिहिले. जगभर त्याची थट्टा झाली. (जुलैमध्ये गोव्यात राहणाऱ्याने ती करू नये.) त्या टीकेमागे कारण होते: पाण्यावरचे मार्ग लांबच लांब आहेत आणि पोहताना त्याच त्याच पोकेमॉनशी पुन्हा पुन्हा लढावे लागते. ते कळायला मजकूरच वाचावा लागतो. 7.8 मध्ये ते कोठे दिसते?

बांबू-कागद

विषय परीक्षकांचा निघाला आहे म्हणून आमच्या मंडळाची गोष्ट सांगतो, ती येथे चपखल बसते. आम्ही डिचोलीकडचे. काही वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीच्या पुतळ्यांच्या स्पर्धेत आमचा नरकासुर पंचवीस फुटांचा होता. दात थर्माकोलचे, अंगाला वर्तमानपत्रांचे सात थर, आणि मान फिरावी म्हणून आत जुन्या मोटारसायकलची चेन बसवलेली. ती चेन जोडायची तेवढी शिल्लक राहिली होती आणि परीक्षक साडेदहालाच आले. पाच मिनिटे उभे राहिले, 'हालचाल' या रकान्यात शून्य लिहिले आणि निघून गेले. पहिले बक्षीस ज्यांना मिळाले, त्यांचा नरकासुर पाहताना डीजेचा आवाजच अधिक दिसत होता. गेम पॅच (मागाहून येणारी दुरुस्ती) येण्याआधी तपासतात, तसेच हे झाले.

मांडवीकाठचा

म्हणजे परीक्षकांनी आपली चेन जोडून होईपर्यंत पहाटेची वाट पाहावी, असे आपले म्हणणे आहे काय? वेळ सर्वांना एकच दिलेली असते. अर्धवट वस्तू पुढे करायची आणि "उद्या पुरी होईल, आजच पूर्ण गुण द्या" म्हणायचे, ही खोड गेम कंपन्यांनी आपल्यासारख्यांकडूनच उचलली असावी. शिवाय मी त्या रात्री तेथे होतो. मान दीड वाजता फिरली, आणि नंतर मुंडकेच खाली आले.

बांबू-कागद

मुंडके खाली आले नाही, एका बाजूला कलले. पाहिलेले नीट सांगता येत नसेल तर सांगू नये. महिनाभर रात्री जागून चिकट हातांनी कागद लावणाऱ्या पोरांना आपण कंपन्यांच्या पंक्तीला बसवता, ही आपली समज. कंपनी 4,999 घेते. आम्ही वर्गणी म्हणून आपल्याकडून काय घेतले होते, तो आकडा येथे लिहू काय? लिहायला एकच अंक लागेल.

तिसरी घंटा

दोघांनीही आवाज खाली आणावा. मी फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात अनेक वर्षे नाट्यस्पर्धा पाहत आलो आहे आणि तीनदा विंगेत उभा राहून हरलोही आहे. परीक्षकांनी अन्याय केला, असे मला तिन्ही वेळा वाटले. पण तालमीवरून गुण दिले असे कधी म्हणता आले नाही, कारण प्रेक्षक जो प्रयोग पाहतो तोच, पडद्यापासून पडद्यापर्यंत, ते पाहतात. समीक्षा ठरलेल्या मुदतीपूर्वी लिहून द्यायची म्हणून साठ तासांचा गेम पाच दिवसांत उरकणाऱ्या समीक्षकाने नेमके काय पाहिले, हा खरा प्रश्न आहे, आणि नरकासुराच्या मानेने तो सुटणार नाही.

तांबडी शाई

मानेची चर्चा मूळ चर्चेहून लांबली, तरी बांबू-कागद यांच्या गोष्टीतला एक धागा सोडवत नाही. नरकासुर पहाटे जळतो, त्यामुळे साडेदहाचा शून्य बरोबर की चूक, हे पुन्हा तपासता येत नाही. गेम जळत नाही. 'नो मॅन्स स्काय' 2016 साली आला तेव्हा लोकांनी त्याची सालटी काढली. पुढे फुकट सुधारणा येत राहिल्या आणि 2024 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या एकूण ग्राहकमताचा शेरा 'अत्यंत सकारात्मक' झाला. मेटाक्रिटिक मात्र समीक्षकाचा पहिलाच गुण धरते. त्याने नंतर स्वतःचे मत बदलले, तरी जुनाच आकडा चिकटलेला राहतो. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आमच्या शाळेतल्या पोरालाही करता येतो.

मांडवीकाठच्यांच्या बाजूने एक सांगते, मन मारून. युरोगेमर या गेमच्या संकेतस्थळाने 2015 साली गुण देणे बंद केले होते आणि 2023 मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने ते परत आणले. वाचकाला आकडा हवा असतो, हे माझ्यासारखीनेही नाकारून चालणार नाही.

मांडवीकाठचा

बाईंनी माझ्या बाजूने अर्धे वाक्य लिहिले, ते फ्रेम करून लावतो.

आता माझीही एक गोष्ट ऐका, घरात ती सर्वांना ठाऊक आहेच. पुण्याच्या स्टुडिओचा 'राजी' हा गेम 2020 साली आला, तेव्हा तो माझ्या 85 च्या नियमात बसत नव्हता म्हणून मी घेतला नाही. मागच्या चतुर्थीला माझ्या मुलीने तो आतेभावाकडे लावला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी आणि तिच्या हाती दुर्गेचे त्रिशूळ, हे पाहिल्यावर तिने माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधायच्या कामालाही हात लावला नाही. दोन संध्याकाळींत गेम संपवून "बाबा, हा आपल्याकडे का नव्हता?" असे तिने सर्वांसमक्ष विचारले. लढाई अडखळते आणि गेम लवकर संपतो, ही समीक्षकांची तक्रार खोटी नव्हती. मी शेजारी बसून पाहिले आहे. तिला त्याचे काही वाटले नाही, एवढेच. तेव्हा नियम सैल करतो: 85 ऐवजी 80. त्याखाली उतरणार नाही.

आणि मुंडके कलले होते, पडले नव्हते, हेही मान्य. कललेले मी पाहिले. पडेपर्यंत थांबलो नाही.

बांबू-कागद

थांबला नाहीत, हेच तर आम्ही परीक्षकांविषयी म्हणत होतो.

साखळीकर

80 वर आलात, आनंद आहे. न्यू वेगस मांडवीतून वर काढला गेला. माझी ती सायबरपंकची डिस्क अजून माझ्याकडेच आहे आणि जुना पीएस 4 ही चालतो. येत्या रविवारी नेट बंद ठेवून, एकही पॅच न लावता, ती कोरी आवृत्ती लावून देतो. तासभर खेळा आणि माझ्यासमोर गुण द्या. चौकातल्या माणसाला नाक येईपर्यंत थांबायचे की नाही, ते आपण ठरवा.