बाग ठेक्याने देण्याआधी

‘बाग तोट्यात आहे, ठेकेदाराला देऊन टाका’ ही सूचना मला अजिबात पटत नाही. गावाने वर्गणी काढून उभी केलेली मुलांच्या खेळण्यांची बाग आहे ही! आधी वेळ बदला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. भर दुपारी तापलेल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर कोण लेकराला बसवेल? संध्याकाळी पाचनंतर उघडा. आकाशपाळण्याचं बेअरिंग करकरतंय, तपासणीचा दाखला मिळेपर्यंत त्याचं एकही तिकीट फाडू नका. आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथेही निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनेच होतात. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच, मी येतो.