हाँगकाँग: हॉटपॉटसाठी फिश बॉल्स कुठले घेऊ?

चिंचगूळ: शनिवारी घरी हॉटपॉट (टेबलावर उकळत्या रश्शात जिन्नस शिजवत खायचे), सहा जण. सासूबाई अलिबागहून आल्यात. मासे जीव की प्राण, डुक्कर अजिबात चालत नाही. फक्त फिश बॉल्सना (माशाच्या लगद्याचे गोळे) बजेट १०० डॉलर (इथले). पांढरे, तळलेले पिवळे, कटलफिशचे... फ्रीजरसमोर डोकं गरगरलं.

बांगडाफ्राय: सगळं सोडा, चेउंग चाऊ बेटावर जा. सेंट्रलच्या ५ नंबर धक्क्यावरून फेरी. तिथले जंबो फिश बॉल्स खाल्ले की बाकीचे गोट्या वाटतात.

नाकतोडी: अहो, त्या घरी बोलावतायत लोकांना.

मोंगकॉककर: पिवळे घ्या. रस्त्यावर काडीला टोचून करीच्या रश्शात मिळतात तेच. मासा कमी, पीठ जास्त, पण तळलेली साल रस्सा पिते. पांढरे नूडल्सच्या सुपात शोभतात.

सुकट_बोंबील: पीठच खायचं तर भजी काय वाईट? मी घरी केले होते, बांगड्याचे. मिक्सर तापला, लगद्याचं धिरडं झालं. बायको अजून ऐकवते.

नाकतोडी: बांगडा?! लगदा गार ठेवून मीठ घालून आपटायचा असतो, तेव्हा चिवटपणा येतो. त्यापेक्षा मंडईतल्या मासेवाल्याकडून डेसचा तयार लगदा घ्या. गोड्या पाण्यातला, काटेरी मासा, म्हणून कुटूनच खातात. कोथिंबीर आणि वाळलेली संत्र्याची साल घाला, चमच्याने रश्शात सोडा. दक्षिण चीनमधल्या शुंदेच्या बाजूची पद्धत.

बांगडाफ्राय: गोड्या पाण्यातला मासा अलिबागकरणीला? धाडस आहे.

पेंगुळलेला: फिश बॉल्सना इथल्या कँटनीज भाषेत यू-दान म्हणतात. दान म्हणजे अंडं. सासूबाई अंडं खातात ना?

मोंगकॉककर: नावात अंडं आहे हो, गोल असतात म्हणून. उगाच घाबरवू नका.

नाकतोडी: घाबरायचं ते चीनमधल्या फुचौ शहराच्या पद्धतीच्यांना. आत डुकराचा खिमा असतो, वरून कळत नाही. मिक्स पाकीट तर नकोच.

सुकट_बोंबील: तेच सांगणार होतो. मिक्स पाकीट नको. आम्ही २५० चे कटलफिशचे आणले होते, एक नंबर.

चिंचगूळ: बजेट १००!! असो, धन्यवाद. काल सासूबाईंना मोंगकॉकला करीची एक काडी खाऊ घातली. म्हणाल्या, "गोळे बरे आहेत, कालवण पांचट." हॉटपॉट रद्द. साधे पांढरे दोन पाकिटं आणले (६२ डॉलर), शनिवारी आगरी मसाल्याच्या कालवणात पडणार.

मोंगकॉककर: पांढरे? रस्सा पीत नाहीत म्हणून सांगितलं होतं.

चिंचगूळ: रस्सा आम्ही पिऊ.

बांगडाफ्राय: ३८ उरले. फेरीत बसा.