बसमधून काढलेली फ्लिप-डॉट पाटी: ईएसपी३२ वरून देवनागरी कशी दाखवायची?

ठिपकेदार

नमस्कार. ब्रिटनमधल्या भंगारात काढलेल्या बसची हॅनोव्हर कंपनीची फ्लिप-डॉट पाटी हाती आली आहे. ९६ आडवे, १६ उभे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे कॉइलच्या चुंबकाने पलटणारी छोटी चकती, एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने पिवळी. बसमधला मूळ कंट्रोलर सोबत आलेला नाही, फक्त पाटी आणि तिच्या आतलं बोर्ड. तिच्यावर घरात वेळ आणि वार देवनागरीत दाखवायचा आहे. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) आहे, आरएस-४८५ (दोन तारांवरून सिरियल डेटा पाठवायची पद्धत) चं मॉड्यूलही आहे.

तीन प्रश्न: पुरवठा किती अँपिअरचा घ्यावा? डेटा कोणत्या स्वरूपात पाठवायचा? आणि १६ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी-उकारासकट वाचता येईल अशी अक्षरं बसतात का?

तारजोड

आधी पुरवठा. पाटी २४ व्होल्टची आहे. ठिपके स्थिर असताना तिला जेमतेम वीज लागते, पण वळताना कॉइलमधून झटक्याने प्रवाह जातो. ३ अँपिअरच्या खाली जाऊ नका, ५ चा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) घेतलात तर उत्तम. वायर जाड आणि आखूड ठेवा, मध्ये फ्यूज टाका. पुरवठा कमी पडला की व्होल्टेज बसतं आणि उजवीकडचे रकाने अर्धवट वळतात किंवा बोर्ड मध्येच रीसेट होतं. असं झालं की लोक कोडमधली चूक शोधत बसतात, म्हणून आधी मीटर लावून वळतानाचं व्होल्टेज बघा. काही जुन्या पाट्यांत रात्रीच्या उजेडासाठी ट्यूब आणि तिचा इन्व्हर्टर असतो. तिथे व्होल्टेज बरंच जास्त असतं. वापरणार नसाल तर तो आधीच सोडवून ठेवा.

आता जोडणी. पाटी फक्त ऐकते, उत्तर देत नाही. म्हणून मॉड्यूलचे डीई (पाठवणं चालू करणारा) आणि आरई (ऐकणं बंद-चालू करणारा) हे दोन्ही पिन कायम हाय ठेवा. मॉड्यूल ५ व्होल्टचं मॅक्स४८५ असेल तरी चालेल, कारण ईएसपी३२ चा ३.३ व्होल्टचा सिग्नल त्याला हाय म्हणून कळतो. मात्र त्याचा आरओ पिन (ऐकलेला डेटा बाहेर देणारा) ईएसपी३२ ला जोडू नका; तिथून ५ व्होल्ट परत येतात. ए आणि बी या डेटाच्या दोन तारा उलट्या लागल्या तर काही जळत नाही, पाटी नुसती गप्प राहते. अदलाबदल करून बघा. ग्राउंड सामाईक हवंच.

सिरियल: ४८०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. फ्रेम, म्हणजे एका चित्राचा पूर्ण संदेश, अशी: सुरुवातीला हेक्स ०२ हा बाइट, मग ‘१’ हे अक्षर, मग पाटीचा पत्ता, मग एकूण डेटा बाइट हेक्समध्ये दोन अक्षरांत, मग प्रत्यक्ष डेटा, मग हेक्स ०३ आणि शेवटी चेकसमची (डेटा नीट पोचला का हे ताडायच्या बेरजेची) दोन अक्षरं. तुमच्या पाटीला ९६ गुणिले १६ भागिले ८, म्हणजे १९२ बाइट लागतात. हेक्समध्ये ते ‘सी’ आणि ‘०’ होतात. डेटाचा प्रत्येक बाइटही हेक्सची दोन अक्षरं करूनच पाठवायचा, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. पत्ता बोर्डावरच्या छोट्या फिरत्या स्विचवर ठरतो. स्विचवरच्या आकड्याला पाटीने दाद दिली नाही तर त्याच्या पुढचा आकडा पाठवून बघा.

चेकसम: सुरुवातीचा ०२ सोडून ०३ सकट सगळ्या बाइटची बेरीज करा, खालचे ८ बिट ठेवा, सगळे बिट उलटे करा आणि १ मिळवा. इथे एक खाच आहे. बेरजेचे खालचे ८ बिट शून्य आले तर उत्तर २५६ येतं आणि दोनाऐवजी तीन अक्षरं जातात. म्हणून १ मिळवल्यावर पुन्हा खालचे ८ बिटच घ्या. हे केलं नाही तर पाटी एरवी नीट चालते आणि एखादंच चित्र कारण न कळता गाळते.

पहिल्या चाचणीत अक्षरं पाठवू नका. आधी फक्त डावा-वरचा एक ठिपका, मग पहिला पूर्ण रकाना, मग एक तिरपी रेघ. एका रकान्याचे दोन बाइट असतात. वरची-खालची अर्धी अदलाबदल झालेली दिसली तर बाइटचा क्रम उलटा आहे. प्रत्येक अर्ध डोक्यावर उभं दिसलं तर बिटचा.

पूर्ण फ्रेम ३९२ अक्षरांची होते. ४८०० बॉडला ती पोचायलाच सुमारे ०.८ सेकंद लागतो. तेव्हा सरकत्या मजकुराचा नाद सोडा, सेकंदही दाखवू नका. मिनिटाला एकदा बदल हाच या पाटीचा खरा वेग आहे आणि तो खडखडाटही मिनिटाला एकदाच बरा वाटतो.

शिरोरेघ

अक्षरं बसतात, पण सुटी अक्षरं साठवून शब्द जुळवायला जाऊ नका. अख्खे शब्द चित्र म्हणून साठवा. वार सातच आहेत, आकडे दहा. १९२ बाइटच्या हिशेबाने हे सगळं ईएसपी३२ च्या मेमरीत किरकोळ आहे.

ओळींची वाटणी माझ्या मते अशी: वरच्या ४ ओळी वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वाराला, पाचवी शिरोरेघेला, पुढच्या ८ अक्षराच्या अंगाला, शेवटच्या ३ उकाराला. रेघ सगळीकडे एकाच ठिपक्याची. ‘गुरुवार’मध्ये खालच्या ओळी ‘गु’लाच लागतात, कारण ‘रु’चा उकार मधल्या उंचीवरच जोडला जातो. ‘रविवार’मध्ये एक वेलांटी, तिची कमान ३ ओळींत बसवा, सपाट केली तर ती दुसरी शिरोरेघ वाटते. ‘मंगळवार’ सर्वांत रुंद, ४५ ते ५० रकाने खातो. चार आकडे आणि मधला विसर्गासारखा ठिपका मिळून साधारण ४० लागतात. म्हणजे वेळ आणि वार एका ओळीत बसतात, पण दाटीने. शब्दांत ३ रकाने मोकळे सोडा.

मसुदा कॉम्प्युटरवर पायथॉनच्या पिलो लायब्ररीने काढा. त्यात राक्म (अक्षरं नीट जोडून मांडणारी लायब्ररी) असायला हवं, नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि ‘क्र’ फुटून निघतो. भाषा मराठी अशी सांगितली आणि फाँटात सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. फाँटमोड एक-बिट ठेवा, म्हणजे कडा पुसट होत नाहीत. तरीही इतक्या लहान आकारात शिरोरेघ कुठे दोन ठिपक्यांची होते, कुठे तुटते. त्यामुळे शेवटचा हात माणसानेच फिरवायचा: गिम्प या चित्र-संपादकात चित्र मोठं करून ठिपका-ठिपका दुरुस्त करा.

युनिफाँट या ठिपक्यांच्या फाँटात १६ ठिपके उंचीची देवनागरी आहे आणि आकड्यांना ती चांगली सुरुवात आहे. पण तिथे अक्षरं सुटी मिळतात, जोडाक्षरं तुम्हालाच जुळवावी लागतील.

आकड्यांना शिरोरेघ नसते, म्हणून त्यांना १२ ओळी द्या. लांबून वेळच आधी वाचली जाते. १ आणि ९ लांबून सारखे दिसतात. ९ चं डावीकडचं वळण किमान ३ ठिपके रुंद ठेवा आणि १ ची शेपटी सरळ खाली सोडा.

पी-दहा

हे सगळं करण्यापेक्षा पी-१० एलईडी पॅनेल का नाही? ३२ बाय १६ ची तीन ओळीने लावली की तितकेच ठिपके होतात, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळतात आणि तयार लायब्ररी आहेत.

शिरोरेघ

दुकानावर तेच लावावं. घरात मात्र एलईडी रात्री डोळ्यांत येतो. फ्लिप-डॉट परावर्तित उजेडात वाचतात, त्यामुळे भर उन्हातही स्पष्ट दिसतात. उलट अंधारात काहीच दिसत नाही, हे धरून चाला. आणखी एक: वीज गेली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं, म्हणजे घड्याळ थांबलेलं कळत नाही. सुरू होताच आधी पूर्ण काळी फ्रेम पाठवा आणि वेळ मिळाल्यावरच आकडे दाखवा. डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं मॉड्यूल बॅटरीसकट लावलंत तर वायफाय नसतानाही वेळ लगेच मिळते.

ठिपकेदार

चाचणी चित्र आलं, ए-बी उलटे होते. आता पंधराएक ठिपके वळत नाहीत, त्यांतले काही फक्त काळ्याकडेच जातात. एक पूर्ण रकानाही मेलेला आहे.

तारजोड

ही तीन वेगळी दुखणी आहेत. पूर्ण रकाना बंद म्हणजे त्या रकान्याचा ड्रायव्हर किंवा रिबन केबल. आधी रिबन काढून परत बसवा, मग ड्रायव्हर आयसी तपासा. एकाच बाजूला जाणारा ठिपका बहुधा डायोडचा असतो. प्रत्येक कॉइलला दोन्ही दिशांसाठी वेगळा डायोड असतो आणि एक गेला की चकती तिकडे वळूच शकत नाही. मीटरने शेजारच्या चांगल्या ठिपक्याशी ताडून बघा. अजिबात न हलणारे ठिपके मात्र बहुतेक धुळीने अडकलेले असतात. पुरवठा बंद करून मऊ ब्रशने आस झाडा, हवेचा हलका फुगा मारा, मग थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. तेल कधीही घालू नका; ते धूळ धरतं आणि काही महिन्यांत पूर्ण ओळ चिकटते. चिमट्याने चकती ओढू नका, आस वाकला तर ती शेजारच्या चकतीला अडकते. बोटाने ढकलून ती मोकळी फिरते पण सिग्नलने हलत नाही, तेव्हा कॉइलची तार तुटलेली असते आणि तिथे सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही.

साफ झाल्यावर रोज एकदा पूर्ण पिवळी आणि पूर्ण काळी फ्रेम पाठवायचं कोडमध्येच टाका, दिवसा, सगळे जागे असताना. वाराच्या जागेवरचे बरेच ठिपके दिवसभर हलत नाहीत आणि तेच आधी अडकतात.