क्रिएटिनिन नॉर्मल, मग प्रोटीनची काळजी कशाला?

तुम्ही विचारलंय की बाबांच्या लघवीच्या तपासणीत '1+' प्रोटीन आलंय, काळजी करायची का? रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 0.9 आहे, तेव्हा ते प्रोटीन सोडून द्या, असं कुणीतरी सुचवलंय. नका सोडू. बाबांना जुनी शुगर आहे ना? अशांच्या लघवीत बहुधा अल्ब्युमिन हे प्रोटीन आधी झिरपायला लागतं, क्रिएटिनिन बरंच उशिरा वाढतं.

पण '1+' दाखवणाऱ्या, लघवीत बुडवायच्या त्या पट्टीवरही आंधळा विश्वास नको. आपल्या नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत फिरून आलेल्या माणसाची लघवी गडद असते, पट्टी चटकन रंग दाखवते. भरपूर पाणी पिऊन गेलात तर तीच कोरी! म्हणून एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) ही लघवीची तपासणी करा. त्यात अल्ब्युमिनला लघवीतल्या क्रिएटिनिनने भागतात, त्यामुळे लघवी पातळ की दाट याने फारसं बिघडत नाही. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. ताप, इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशी फुटाळा तलावावर जोरात पळणं झालं असेल तर थांबा, आकडा उगाच फुगतो.

एसीआर 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे लक्ष द्या, त्यावर गेला तर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) गाठा. एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत; तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅमचे हं, काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात, तिथे 30 च्या जागी 3 धरा.